हार्ट फेल्युअर : बरं वाटू लागलं तरी गोळ्या का थांबवायच्या नाहीत

हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे गेलं की एक प्रश्न हमखास येतो : "झोपताना किती उशा लागतात?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो अवांतर वाटतो. पण वर्षानुवर्षं एका उशीवर झोपणारा माणूस दोन उशा घ्यायला लागतो, मग तीन, आणि एखाद्या रात्री दोनच्या सुमाराला धाप लागून उठून बसतो. खिडकीपाशी जातो, अर्ध्या तासानं मोकळं वाटतं, परत झोपतो. सकाळी घरी सांगतो, "रात्री जरा गॅस झाला होता." खरं तर त्याच्या फुप्फुसांत पाणी साठायला सुरुवात झालेली असते. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे येतं. हृदयाला ते सगळं पुढे ढकलणं जमत नाही आणि ते मागे फुप्फुसांत तुंबतं. उठून बसल्यावर ते पुन्हा खाली उतरतं, म्हणून बरं वाटतं.

हार्ट फेल्युअरची सुरुवात पुष्कळदा अशीच, गॅसच्या नावाखाली होते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद होऊन स्नायूचा एखादा भाग मरतो, ती काही मिनिटांची, तासांची घटना असते. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदय थांबतंच. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, दिवसाला लाखभर ठोकेही देतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुरवू शकत नाही, किंवा पुरवायचं तर आतला दाब फार वाढवूनच पुरवू शकतं. हा वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे. मधुमेहासारखाच तो रोज सांभाळावा लागतो आणि नीट सांभाळला तर माणूस नोकरी करतो, नातवंडांना शाळेत सोडतो, गावी जाऊन येतो.

दम लागणं हे सगळ्यात ओळखीचं लक्षण. पूर्वी एका दमात चढून होणारा जिना आता मध्ये थांबून होतो. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागतो, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ राहतो. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा पडून राहिला आणि हळूहळू भरला, तर तिथे पाणी साठलं आहे. अर्थात पाय सुजण्याची कारणं इतरही असतात : मूत्रपिंड, यकृत, पायांच्या फुगलेल्या शिरा, इतकंच काय, ब्लड प्रेशरसाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळीसुद्धा. म्हणून सूज दिसली की तपासून घ्यायचं, घरच्या घरी निदान करायचं नाही. आणखी काही लक्षणं तर हृदयाची वाटतही नाहीत. दोन घासांत पोट भरतं, कारण यकृत आणि आतड्यांवरही सूज असते. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. आडवं झालं की कोरडा खोकला सुरू होतो आणि त्यावर ज्येष्ठमधाचे काढे चालू होतात.

ज्येष्ठमधाबद्दल इथेच सांगून टाकते. ते भरपूर प्रमाणात आणि रोज घेतलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. म्हणजे हृदयामुळे आलेल्या खोकल्यावर नेमका नको तो उपाय.

या आजारात सर्वांत जास्त वेळ कशात वाया जात असेल, तर "आता वय झालं, दम लागणारच" या समजुतीत. साठीच्या माणसाला सपाट रस्त्यावर चालताना दम लागणं हे वयाचं लक्षण नाही.

शरीर मदतीला धावतं, तिथेच घोळ होतो

या आजाराची सगळी औषधं एकदा ही गोष्ट कळली की कळतात, म्हणून इथे जरा थांबूया.

हृदय कमी रक्त ढकलू लागलं की ते मूत्रपिंडांना आणि मेंदूला लगेच जाणवतं. पण आपल्या शरीराची घडण ज्या काळात झाली, त्या काळात रक्तप्रवाह घटण्याची नेहमीची कारणं दोनच होती : जखमेतून रक्त वाहून जाणं किंवा प्यायला पाणी न मिळणं. हृदयच दुबळं झालं असेल, ही शक्यता शरीराच्या हिशोबातच नाही. त्यामुळे ते जखमी माणसाला वाचवण्याचे सगळे उपाय सुरू करतं. अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, ठोके जोरात आणि भरभर पडू लागतात. रक्तवाहिन्या आक्रसतात. मूत्रपिंडं रेनिन सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन आणि पुढे अल्डोस्टेरॉन तयार होतं, आणि लघवीवाटे जाणारं मीठ व पाणी शरीर परत शोषून घेतं.

खरोखर रक्तस्राव झाला असता, तर यानं जीव वाचला असता. इथे मात्र आधीच थकलेल्या हृदयासमोर जास्तीचं पाणी, जास्तीचा दाब आणि जास्तीचा वेग उभा राहतो. दमलेल्या बैलाला पराणी टोचली की तो चार पावलं झपझप टाकतो, आणि मग बसतो, तसं होतं. काही आठवडे, महिने माणूस तग धरतो, काही जाणवतही नाही. दरम्यान हृदयाचा स्नायू ताणला जातो, डावा कप्पा फुगून लांबट होता तो गोलसर होतो, स्नायूत जखमेच्या व्रणासारखे तंतू वाढतात. हृदय आणखी दुबळं होतं, शरीर आणखी जोरानं मदत करतं.

एक चांगली गोष्टही घडत असते. ताणलं गेलेलं हृदय स्वतःच एक संप्रेरक सोडतं, जे मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. त्याचं नाव बीएनपी, यातला 'बी' म्हणजे ब्रेन, मेंदू. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात मेंदू आला. पुढे कळलं की ते मुख्यतः हृदयातच तयार होतं. आज रक्ताच्या तपासणीत 'एनटी-प्रोबीएनपी' म्हणून जे लिहून देतात, ते याच संप्रेरकाचं भावंड. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाचा हा आकडा १२५च्या खाली असेल, तर दम लागण्याचं कारण हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता कमी होते. स्थूल माणसात मात्र तो मुळातच कमी येतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

कारणं

आपल्याकडे सर्वांत मोठं कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळानं देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात साधारण ७२ टक्के रुग्णांमध्ये हेच कारण होतं, आणि रुग्णांचं सरासरी वय होतं ६०. युरोप-अमेरिकेत हा मुख्यतः सत्तरीपुढचा आजार आहे. आपल्याकडे तो कमावत्या वयात गाठतो. अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, घरचे निर्धास्त झाले. पण वाहिनी उघडेपर्यंत जो स्नायू मेला तो परत आलेला नसतो. छातीत दुखू लागल्यावर सोडा पिऊन वाट पाहण्यात गेलेल्या तासांची किंमत पुढे अशी मोजावी लागते.

दुसरं मोठं कारण वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेला रक्तदाब. मग मधुमेह, दारू, विषाणूंमुळे स्नायूला आलेली सूज, कर्करोगाची काही औषधं, थायरॉइड, दीर्घकाळचा तीव्र रक्तक्षय. लहानपणी घसा वारंवार दुखून सांध्यांचा ताप आला आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब झाल्या, असे तरुण रुग्ण आपल्या ग्रामीण भागात अजूनही दिसतात. आणि एक कारण घराघरांत माहीत असायला हवं : गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो. बाळंतिणीला दम लागतोय, पाय सुजलेत, आडवं पडवत नाही, तर "बाळंतपणाचा थकवा" म्हणून सोडून न देता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. वेळेत कळलं तर यातल्या बऱ्याच जणींचं हृदय पूर्ववत होतं.

इकोच्या कागदावरचा तो आकडा

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर एका आकड्यावर जाते, 'एलव्हीईएफ'. बोलीत त्याला 'पंपिंग' म्हणतात. पंपिंग ५५ टक्के आलं की घरात काळजी पसरते, जणू बोर्डाच्या परीक्षेत पंचावन्नच मिळाले. प्रत्यक्षात ५५ हे नॉर्मल आहे.

हिशोब असा. निरोगी हृदयाच्या डाव्या कप्प्यात एका वेळी समजा १२० मिलीलीटर रक्त भरलं. आकुंचन पावल्यावर त्यातलं ७० बाहेर गेलं. म्हणजे पंपिंग सुमारे ५८ टक्के. शंभर टक्के कुणाचंच नसतं, कप्पा कधीच पूर्ण रिकामा होत नाही. आता फुगलेलं, दुबळं हृदय घ्या. त्यात २०० मिलीलीटर भरतं आणि ६० बाहेर जातं : पंपिंग ३० टक्के. पंपिंग ४० किंवा त्याखाली आलं की त्याला कमी पंपिंगचा हार्ट फेल्युअर म्हणतात.

आता तिसरं हृदय. स्नायू जाड आणि कडक झालाय, सैल होऊन नीट भरतच नाही. ८० मिलीलीटर भरतं, ५० बाहेर जातं. पंपिंग ६२ टक्के, रिपोर्ट दिसायला उत्तम, पण माणसाला जिना चढवत नाही. हासुद्धा हार्ट फेल्युअरच. जगभरातल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास या प्रकारचे असतात. वय, स्थूलपणा, रक्तदाब, मधुमेह यांच्याशी त्याचं नातं आहे आणि स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. "तुमचं पंपिंग चांगलं आहे, काही झालेलं नाही" असं ऐकून या बायका वर्षानुवर्षं या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरतात. दम लागतोय, पाय सुजतायत आणि पंपिंग नॉर्मल आहे, तर चौकशी तिथे संपत नाही.

चार गोळ्या

कमी पंपिंगच्या हार्ट फेल्युअरसाठी आज चार प्रकारची औषधं पायाभूत मानली जातात. चौघांचं काम वेगवेगळं असलं तरी रोख एकच : शरीराची ती घाबरलेली मदत थोपवणं.

पहिला गट अँजिओटेन्सिन रोखणारा. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्यातली जुनी नावं. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले २५३ रुग्ण अगदी शेवटच्या टप्प्यातले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ४४ टक्के सहा महिन्यांत दगावले. एनालाप्रिल दिलेल्यांपैकी २६ टक्के. हार्ट फेल्युअरमध्ये गोळीनं आयुष्य वाढतं, याचा तो ठसठशीत पुरावा होता. काहींना या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, त्यांना त्यांच्या भावंडांपैकी दुसरी देतात. २०१५ पासून या जागी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही जोडगोळी आली. ती अँजिओटेन्सिन रोखतेच, शिवाय वर सांगितलेल्या बीएनपीसारख्या उपकारक संप्रेरकांना लवकर नष्ट होऊ देत नाही.

दुसरा गट बीटा ब्लॉकर्सचा : मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्वेडिलॉल. यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हृदय दुबळं आहे, त्याला आणखी मंद करणारं औषध देणं म्हणजे जीव घेणं, असंच अनेक दशकं शिकवलं जात होतं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मोजक्या रुग्णांवर उलटं करून पाहिलं आणि रुग्ण सुधारले. वैद्यकशास्त्राला ते पटायला पुढची वीस-पंचवीस वर्षं लागली. १९९९च्या मोठ्या अभ्यासांनंतर ही औषधं सर्वमान्य झाली. पराणी काढून घेतली आणि बैलाला श्वास घेऊ दिला, एवढंच ते. पहिले काही आठवडे थोडा थकवा वाटू शकतो, म्हणून ती अगदी लहान डोसपासून वाढवत नेतात.

तिसरा गट अल्डोस्टेरॉन रोखणारा : स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन. १९९९च्या अभ्यासात स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटवलं. गोळी जुनी, स्वस्त, आणि तरी पुष्कळांना लिहूनच दिली जात नाही. पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. पुरुषांमध्ये कधी छाती दुखते किंवा फुगते. लाजून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय आहे.

चौथा गट मधुमेहाकडून आला. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या. मधुमेह नसलेल्यांनाही हार्ट फेल्युअरमध्ये त्यांचा फायदा होतो, हे २०१९-२० मध्ये सिद्ध झालं. "मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का?" असं विचारून मेडिकलवाल्याला परत देऊ नका. चांगल्या पंपिंगच्या, कडक हृदयाच्या रुग्णांना ज्यांचा ठोस उपयोग दिसला, त्यांत याच गोळ्या आघाडीवर आहेत. एकच पथ्य : उलट्या-जुलाब होत असतील, कडक उपवास असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ती काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारायचं.

आणि पाचवी, जी सगळ्यांना माहीत असते : लघवीची गोळी. फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड. साठलेलं पाणी काढून ती दोन दिवसांत आराम देते, म्हणून तीच खरं औषध वाटते आणि बाकीच्या चार 'उगाच'. उलट आहे. लघवीची गोळी त्रास कमी करते. आयुष्य वाढवल्याचा पुरावा त्या चौघींचा आहे. जुन्या अभ्यासांच्या आकडेमोडीवरून २०२० मध्ये काढलेला एक अंदाज सांगतो की, ५५ वर्षांच्या रुग्णाला जुन्या पद्धतीच्या औषधांऐवजी आजची पूर्ण औषधं मिळाली तर सुमारे सहा वर्षं जास्त मिळू शकतात.

तर मग बरं वाटू लागल्यावर काय? सहा महिने गोळ्या नियमित घेतल्या, पंपिंग ३०चं ५२ झालं, जिने चढता येतात, सूज नाही. कुणीतरी सांगतं, "आता कशाला एवढी रसायनं पोटात?" ब्रिटनमध्ये नेमक्या अशाच रुग्णांवर अभ्यास झाला, निकाल २०१८ मध्ये आले. सगळे लक्षणमुक्त, पंपिंग सुधारलेले. देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं औषधं कमी करून थांबवली. सहा महिन्यांत ४४ टक्के जणांचं हृदय पुन्हा बिघडू लागलं. पंपिंग सुधारलेलं असतं ते गोळ्यांनी ती घाबरलेली मदत रोखून धरली आहे म्हणून. गोळ्या गेल्या की ती परत येते. थायरॉइडसारखं किंवा बाळंतपणासारखं तात्पुरतं कारण असेल तर गोष्ट वेगळी असू शकते, पण तो निर्णय इको पाहून डॉक्टरांनी घ्यायचा.

"बीपी शंभरच आहे, गोळ्या बंद करू का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात वरचं बीपी ९५-१०० असणं, उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल तर, बहुतेक वेळा चालतं. या गोळ्या बीपीसाठी दिलेल्या नसतात. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढतं, त्यानंही घाबरून जायचं नाही. किती वाढ चालेल ते डॉक्टर पाहतात. पैशांचं म्हणाल तर डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचं २०२३ मध्ये, आणि जेनेरिक गोळ्या पूर्वीच्या किमतीच्या बऱ्याच खाली आल्या. परवडत नाही म्हणून दोन दिवसांआड घेण्यापेक्षा डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, स्वस्त पर्याय लिहून मागा.

तीनेक महिने औषधं पुऱ्या डोसात घेऊनही पंपिंग ३५ च्या वर येत नसेल, तर यंत्रांचा विचार होतो. धोकादायक लय सुरू झाली तर आतून शॉक देणारं आयसीडी, आणि डाव्या-उजव्या बाजूंचे ठोके जुळवून आणणारं तीन तारांचं पेसमेकर, सीआरटी. सरसकट सगळ्यांना ती लागत नाहीत.

अगदी शेवटच्या टप्प्यात हृदयप्रत्यारोपण. या बाबतीत मुंबईचं नाव फार लवकर नोंदलं गेलं आहे. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जगातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण झालं आणि अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून पाहिलं. रुग्ण काही तासच जगला. शरीर परकं हृदय नाकारतं, त्यावर तेव्हा चांगलं औषध नव्हतं, मेंदूमृत्यूचा कायदा नव्हता. कायदा १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवलेला रस्ता. अवयव मात्र गरजेच्या मानानं फार थोडे मिळतात. ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्यासाठी दम आणि वेदना कमी ठेवणारे उपचार असतात, आणि आपल्याला शेवटी काय हवं, काय नको, हे माणसानं बोलता येतंय तोवर घरच्यांशी बोलून ठेवावं. मुलांनी हा विषय टाळू नये.

घरी रोज काय करायचं

वजनकाटा विकत आणा. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत त्यावर उभं राहायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. दूध किती लिटर घेतलं ते लिहितो तिथेच. सोमवारी ६४.२, मंगळवारी ६४.४, गुरुवारी ६६.३. एवढ्या दिवसांत चरबी वाढत नाही. हे दोन लिटर पाणी आहे. पायाला सूज दिसायच्या आणि दम लागायच्या आधी काटा ते सांगतो. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. अनेकदा लघवीच्या गोळीचा डोस दोन-तीन दिवस वाढवून काम भागतं आणि अ‍ॅडमिट होणं टळतं.

मिठाबद्दल आपल्या घरांत दोन टोकं आहेत. एक तर पानात पापड-लोणचं चालूच, नाहीतर रुग्णाला एकदम अळणी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिकडक मीठबंदीनं मृत्यू किंवा रुग्णालयात जाण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. अळणी अन्न पाहून माणूस जेवणच सोडतो, अशक्त होतो, तेही वाईटच. दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, सुमारे पाच ग्रॅम, हे धोरण ठेवा. भाजी-आमटीत बेतानं मीठ राहू द्या आणि कात्री चालवा ती पापड, लोणचं, फरसाण, खारी, वेफर्स, सॉस यांच्यावर. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियम. कोकणात, गोव्यात सुकट-बोंबील-खारवलेला बांगडा, तोही यातच. अ‍ॅसिडिटीवर फसफसणारी पावडर घेतो तीसुद्धा सोडियमच. सैंधव आणि काळं मीठ चालतं, हा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. तेही मुख्यतः सोडियमचंच मीठ. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम घातलेलं असतं आणि तुमच्या गोळ्यांनी ते आधीच वाढत असतं. शहाळ्याच्या पाण्यातही ते भरपूर असतं. दोन्ही विचारल्याशिवाय नको.

पाण्यावर सगळ्यांना कडक बंधन लागत नाही. डॉक्टरांनी घातलं असेल, समजा दीड लिटर, तर त्यात चहा, ताक, आमटी, पेज सगळं मोजायचं.

गुडघेदुखीच्या गोळ्या हा मोठा शत्रू आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक मूत्रपिंडाला मीठ धरायला लावतात, आणि स्थिर असलेला रुग्ण आठवड्यात फुगतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मर्यादेत. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे, त्यानंही पाणी साठतं. मधुमेह असेल तर आपल्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का, ते गोळ्यांच्या पाकिटावर वाचा. हार्ट फेल्युअरमध्ये ती घ्यायची नसते.

एसटीनं लांब जायचं, वाटेत सोय नाही, म्हणून त्या दिवशी लघवीची गोळी टाळणारे पुष्कळ असतात, विशेषतः बायका. टाळण्यापेक्षा पोचल्यावर घेतलेली बरी. वेळ पुढे-मागे करायला डॉक्टर हरकत घेत नाहीत. निर्जळी उपवास मात्र या गोळ्यांवर असताना धोक्याचा.

स्थिर असाल तर चाला. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढा वेग. खाटेला खिळवून ठेवल्यानं स्नायू झिजतात आणि दम वाढतो. फ्लूची लस दरवर्षी घ्या, कारण साधा छातीचा संसर्गही हृदयाचा तोल घालवतो. रक्तातलं लोह तपासून घ्या. कमी असेल तर या आजारात पोटातून घेतलेल्या गोळ्यांचा फारसा उपयोग दिसत नाही, शिरेतून द्यावं लागतं.

बसल्या जागी दम लागला, गुलाबीसर फेसाळ थुंकी आली, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा. माणूस शुद्धीवर असेल आणि दम लागत असेल, तर गाडी येईपर्यंत त्याला आडवं करू नका. खुर्चीत ताठ बसवा, पाय खाली सोडा, आणि आपण होऊन पाणी पाजत बसू नका.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. वर सांगितलेल्या भारतीय नोंदीत दाखल झालेल्यांपैकी १४ टक्के ९० दिवसांत दगावले, आणि कमी पंपिंगच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना शिफारस केलेली औषधं पूर्ण मिळालेलीच नव्हती. २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात घरी गेल्यावर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसापर्यंत नेऊन दर काही दिवसांनी तपासणी केली, तेव्हा सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीतही चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : घरी जातानाचं वजन किती, चारपैकी कोणत्या गोळ्या सुरू झाल्या आणि राहिलेल्या का नाहीत, डोस कधी वाढवणार, आणि पोटॅशियम-क्रिएटिनिनची तपासणी कोणत्या तारखेला. पुढची भेट महिन्यानंतरची दिली असेल, तर आठवड्या-दोन आठवड्यांतली मागून घ्या.